चालकाविना धावणारी मेट्रो : खर्च आणि बचतीचा हिशेब

मेट्रोतून चालक काढला की त्याचा पगार वाचतो, पगार वाचला की तोटा कमी होतो आणि तोटा कमी झाला की तिकीट स्वस्त होते, असे गणित वर्तमानपत्रांतून वारंवार मांडले जाते. वाणिज्य व अर्थशास्त्र शिकविणारे आपले काही सहकारीही स्वयंचलनाचे उदाहरण देताना हेच गणित फळ्यावर लिहितात. प्रस्तुत लेखात हे गणित थोडे उलगडून पाहावयाचे आहे. विषय वरवर तांत्रिक वाटला तरी आपल्यापासून तो दूर नाही. हैदराबाद, इंदूर, मुंबई, बंगळूरू या शहरांत गेल्या काही वर्षांत हजारो कोटी रुपयांचे कर्ज काढून मेट्रो उभ्या राहिल्या. ते कर्ज शेवटी प्रवासी आणि करदाते यांनाच फेडावयाचे आहे. शिवाय आपल्याकडील विज्ञान शाखेचे पदवीधर आणि पदविकाधारक विद्यार्थी मेट्रोतील चालकाच्या जागेकडे एक स्थिर नोकरी म्हणून पाहतात. ती जागा राहणार की जाणार, हा त्यांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

जाता जाता भाषेच्या शिक्षकाने एक नोंद करावयास हरकत नसावी. ज्या शब्दांत आपण हा विषय मांडणार आहोत, ते हिशेब, जमा, खर्च, रक्कम, वसूल, मुदत हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी दफ्तरात असे रुजले की आज ते परके वाटत नाहीत. जमाखर्च लिहिण्याची शिस्त या प्रदेशात जुनी आहे. तीच शिस्त मेट्रोच्या जाहिरातींना लावून पाहू.

स्वयंचलनाच्या श्रेणी

‘स्वयंचलित मेट्रो’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आंतरराष्ट्रीय परिभाषेत स्वयंचलनाच्या चार श्रेणी मानल्या जातात. पहिल्या श्रेणीत चालक गाडी चालवितो. यंत्रणा केवळ वेगमर्यादा आणि सिग्नल यांवर नजर ठेवते व चूक झाल्यास ब्रेक लावते. दुसऱ्या श्रेणीत गाडीचे धावणे आणि थांबणे यंत्रणा करते. चालक केबिनमध्ये असतो, दरवाजे उघडतो व मिटतो, निघण्याचा हुकूम देतो आणि अडचण आल्यास गाडी हातात घेतो. तिसऱ्या श्रेणीत केबिन नसते, पण एक कर्मचारी गाडीत असतोच. चौथ्या श्रेणीत गाडीत कोणीही कर्मचारी नसला तरी चालते.

लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ साली सुरू झाली तेव्हाच ती दुसऱ्या श्रेणीची होती. म्हणजे गाडी स्वतः धावण्याची कला जवळजवळ साठ वर्षे जुनी आहे. हैदराबादची मेट्रो २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, तीही याच श्रेणीतील. चालक समोर बसलेला दिसतो, पण बहुतेक वेळ गाडी संगणकाच्या हुकमाने धावते. चौथी श्रेणी प्रथम जपानमधील कोबे शहराच्या पोर्ट लायनर मार्गावर १९८१ साली आली. १९८३ साली फ्रान्समधील लील शहरात चालकाविना धावणारी पहिली खरीखुरी मेट्रो सुरू झाली. त्यानंतर व्हँकुव्हर, पॅरिस, कोपनहेगन, सिंगापूर, दुबई, सिडनी अशी रांग लागली. डिसेंबर २०२४ पासून रियाधमध्ये सहा मार्गांचे १७६ किलोमीटर लांबीचे चालकविरहित जाळे सुरू झाले आहे. आपल्यापैकी ज्यांचे आप्त दुबईत आहेत त्यांनी पहिल्या डब्याच्या काचेतून समोरच्या रुळांचे काढलेले फोटो पाहिलेच असतील.

खर्चाचा मोठा टप्पा दुसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या मध्ये आहे. पुढील चर्चा बहुतांशी त्या टप्प्याविषयी आहे.

चालकाच्या खुर्चीचा हिशेब

एका गाडीसाठी एक चालक पुरत नाही. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट मेट्रोचे नसून केवळ वर्गात मांडण्याजोगे गृहीत आकडे आहेत. समजा, गाडी दिवसाला १८ तास धावते. वर्षाला चालकाच्या खुर्चीचे ६,५७० तास झाले. चालकाची पाळी आठ तासांची असली तरी विश्रांती, गाडी ताब्यात घेणे, डेपोतील तपासणी वगळता प्रत्यक्ष चालविण्याचे पाच तास धरू. साप्ताहिक सुट्ट्या, रजा आणि प्रशिक्षण वजा जाता वर्षाचे २८० दिवस धरू. म्हणजे एका चालकाकडून १,४०० तास मिळतात. भागाकार केला तर एका गाडीमागे साधारण ४.७ चालक लागतात, आणि २० गाड्यांच्या मार्गाला ९४.

आता प्रत्येक चालकावर सर्व भत्त्यांसह वर्षाला १० लाख रुपये खर्च होतो असे धरले तर ९४ चालकांचा खर्च ९ कोटी ४० लाख रुपये होतो. दुसऱ्या श्रेणीवरून चौथ्या श्रेणीवर जाण्यासाठी १५० कोटी रुपये अधिक लागले आणि ते ८ टक्के व्याजाने उभे केले, तर व्याजच वर्षाला १२ कोटी होते. म्हणजे सर्व चालक घरी बसविले तरी व्याजसुद्धा भरून निघत नाही. हाच मार्ग एखाद्या श्रीमंत देशात असता आणि चालकामागील खर्च दहापट असता, तर बचत ९४ कोटींची झाली असती आणि भांडवल दोन वर्षांच्या आत वसूल झाले असते. यंत्रणा तीच, गाड्या त्याच. फरक फक्त मजुरीच्या दराचा. यंत्रांची किंमत जगभर जवळजवळ सारखी असते, माणसांची नसते. पॅरिस किंवा कोपनहेगनमध्ये जे शहाणपणाचे ठरले ते इंदूरमध्ये त्याच कारणासाठी शहाणपणाचे ठरेल, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

शिवाय वरील गणितात सर्व चालकांचा पगार वाचला असे धरले आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. गाडी अडकली तर तिच्यापर्यंत पोहोचणारे फिरते कर्मचारी लागतात, नियंत्रण कक्षात माणसे वाढवावी लागतात, दरवाजे, कॅमेरे व दळणवळण यांच्या देखभालीसाठी तंत्रज्ञ लागतात. लंडनच्या डॉकलँड्स मार्गावर १९८७ पासून गाड्या चालकाविना धावतात, पण प्रत्येक गाडीत एक कर्मचारी आजही असतो. केबिन गेली, पगार गेला नाही.

पॅरिसची पहिली लाइन

जुन्या मार्गाचे रूपांतर किती खर्चाचे असते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे पॅरिस मेट्रोची लाइन क्रमांक १. हा १९०० साली सुरू झालेला शहरातील सर्वांत जुना आणि अत्यंत गर्दीचा मार्ग. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर पहिल्या चालकविरहित गाड्या धावू लागल्या आणि २०१२ च्या अखेरीस सर्व गाड्या तशा झाल्या. या काळात वाहतूक जवळजवळ अखंड चालू ठेवण्यात आली. रात्री मेट्रो बंद असते त्या थोड्या तासांत शंभर वर्षे जुने फलाट मजबूत करून त्यांवर छातीइतक्या उंचीचे सरकते दरवाजे बसविले गेले. काही महिने चालक असलेल्या आणि नसलेल्या गाड्या एकाच रुळांवर एकामागून एक धावत होत्या.

एकूण खर्च सुमारे ६० कोटी युरो झाल्याचे सांगितले जाते. परंतु हा आकडा जसाच्या तसा ‘स्वयंचलनाचा खर्च’ म्हणून लिहिणे चुकीचे ठरेल. त्यात ४९ नव्या गाड्यांची किंमत आहे आणि तोच मोठा भाग आहे. पहिल्या लाइनवरील तुलनेने नव्या गाड्या वाया गेल्या नाहीत. त्या चौथ्या लाइनवर पाठविण्यात आल्या आणि तेथील निवृत्तीला आलेल्या गाड्या काढता आल्या. म्हणजे या खर्चाचा काही हिस्सा चौथ्या लाइनच्या खात्यात नावे टाकावयास हवा. सामायिक खर्चाची वाटणी हा परिव्यय लेखाशास्त्रातील प्रश्न विद्यार्थ्यांना कंटाळवाणा वाटतो. त्यांच्यासमोर हे उदाहरण ठेवून पाहावे.

मिळाले काय? गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमधील अंतर १०५ सेकंदांवरून ८५ सेकंदांवर आणता आले. ताशी ३४ गाड्यांऐवजी ४२ गाड्या. नवा बोगदा न खणता, नवे स्थानक न बांधता मार्गाची वाहून नेण्याची क्षमता जवळजवळ एक-चतुर्थांशाने वाढली. पॅरिसच्या मध्यभागी तेवढ्या क्षमतेचा नवा भुयारी मार्ग खणावयाचा म्हटला तर ६० कोटी युरो कुठल्या कुठे उडून गेले असते. माझ्या मते पॅरिसच्या निर्णयाचे खरे समर्थन येथे आहे. चालकांच्या पगाराची बचत हा त्यातील दुय्यम भाग होय. चालकांना कामावरून कमी करण्यात आले नाही. त्यांना इतर मार्गांवर किंवा देखरेखीच्या कामांवर नेमण्यात आले, आणि हे सर्व संघटनांशी आधी बोलणी करून झाले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०१९ मध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर पॅरिसमध्ये दीर्घ संप झाला, तेव्हा बहुतेक मेट्रो ठप्प असताना पहिली आणि चौदावी या दोन चालकविरहित लाइनी व्यवस्थित चालू होत्या. प्रवाशांना त्याचा दिलासा मिळाला. कामगारांच्या हातातील एक साधन बोथट झाले, हेही तितकेच खरे. जमाखर्चाच्या कोणत्याही तक्त्यात ही नोंद सापडत नाही, परंतु निर्णय घेणाऱ्यांच्या मनात ती नसते असे मानणे भाबडेपणाचे होईल.

जेथे खरी बचत आहे

चालकविरहित गाडीचा मोठा फायदा असा की एक जादा फेरी करण्याचा खर्च अगदी थोडा असतो. चालकाची पाळी आखावी लागत नाही. सामना सुटला, पाऊस कोसळला, सणाची गर्दी झाली तर डेपोतून गाडी काढून रुळांवर सोडावयाची. २००२ साली सुरू झालेली कोपनहेगनची मेट्रो रात्रंदिवस धावते. रात्री दोन वाजता चालक नेमून गाडी चालविणे बहुतेक शहरांना परवडत नाही.

यातून दुसरा, अधिक खोल फायदा निघतो. गाड्या वरचेवर सोडता येत असतील तर त्या लहान ठेवता येतात, आणि गाडी लहान असेल तर स्थानकही लहान बांधता येते. कोपनहेगनच्या गाड्या अवघ्या ३९ मीटर लांबीच्या आहेत. भुयारी मार्गात स्थानकाचा खड्डा हा फार महाग प्रकार असतो. तो आखूड झाला की मूळ भांडवलच कमी लागते. पण हा फायदा नवा मार्ग आखतानाच घ्यावयाचा असतो. मोठे फलाट बांधून झाल्यावर गाडी चालकविरहित केली तर खड्ड्याचे पैसे परत येत नाहीत. आणि लहान गाडीत धोकाही आहे. लीलमध्ये २६ मीटरच्या गाड्यांनी सुरुवात झाली. दूरदृष्टीने पहिल्या मार्गाचे फलाट ५२ मीटरचे ठेवले होते, म्हणून पुढे गाडी दुप्पट करण्याची सोय राहिली. तरीही त्यासाठी २०१२ साली दिलेले काम ठरल्या मुदतीत झाले नाही आणि वर्षानुवर्षे रेंगाळले.

तिसरी बचत गाड्यांच्या संख्येत. समजा, जाऊन-येऊन एका फेरीला ८० मिनिटे लागतात आणि दर ४ मिनिटांनी गाडी सोडावयाची आहे. तर २० गाड्या लागतील. शेवटच्या स्थानकावर चालकाला एका टोकाच्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाला चालत जावे लागते. ते टळून दोन्ही टोकांना दोन-दोन मिनिटे वाचली तर फेरी ७६ मिनिटांची होते आणि १९ गाड्यांत काम भागते. मुंबईच्या २अ आणि ७ या मार्गांसाठी ३७८ डब्यांचे कंत्राट २०१८ साली सुमारे ३,०१५ कोटी रुपयांना दिले गेले होते. डब्यामागे जवळपास ८ कोटी, म्हणजे सहा डब्यांच्या गाडीमागे ४८ कोटी. वाचलेल्या त्या चार मिनिटांची ही किंमत आहे. अर्थात टोकाला पुढचा चालक आधीच उभा ठेवून हीच बचत बव्हंशी साधता येते. आपल्याकडील मजुरीत तो उपाय स्वस्त पडतो.

विजेची थोडी बचतही होते, कारण यंत्रणा प्रत्येक वेळी सारख्याच बेताने वेग घेते आणि सोडते. ही बचत दुसऱ्या श्रेणीतच मिळून जाते.

प्रवाशाचा वाचणारा वेळ हा या सर्वांहून मोठा लाभ असू शकतो. दहा मिनिटांऐवजी तीन मिनिटांत गाडी मिळाली तर हजारो माणसांचे तास वाचतात. ही बचत समाजाच्या खात्यात जमा होते, मेट्रो कंपनीच्या नव्हे. त्यामुळे कंपनीचा ताळेबंद पाहून स्वयंचलनाचा निकाल लावणे अपुरे आहे.

न दिसणारे खर्च

फलाटावर बसवावयाचे दरवाजे ही सर्वांत दृश्य बाब. गाडीत डोळे असलेला माणूस नसेल तर रुळांवर कोणी पडू नये याची व्यवस्था हवी. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहराने २००८ साली चालकविरहित मार्ग सुरू करताना दरवाजांऐवजी रुळांवर नजर ठेवणारी रडार पद्धत स्वीकारली आणि फलाटांचा खर्च टाळला. लंडनच्या भुयारी गाड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. जुन्या बोगद्यांत गाडीच्या कडेने चालत बाहेर पडण्यास जागा नाही, कित्येक फलाट वळणावर आहेत. तेथील परिवहन संस्थेच्या अंतर्गत अंदाजानुसार सर्व मार्ग चालकविरहित करण्यास सुमारे ७ अब्ज पौंड लागतील, असे प्रसिद्ध झाले होते, आणि हा खर्च परवडण्याजोगा नाही असाच त्या अंदाजाचा रोख होता.

दुसरा खर्च यंत्रणेच्या आयुष्याचा. बोगदा शंभर वर्षे टिकतो, डबा तीसेक वर्षे. पण सिग्नलचे संगणक आणि त्यांवरील प्रणाली त्याआधीच जुनी होते. बदलावयाची वेळ आली की मूळ पुरवठादाराकडेच जावे लागते, आणि तो सांगेल ती किंमत द्यावी लागते.

तिसरा खर्च बिघाडाचा. सिंगापूरच्या सर्कल लाइनवर २०१६ साली गाड्या अधूनमधून, कोणतेही कारण न दिसता, आपोआप थांबू लागल्या. सिग्नलचा संपर्क तुटला की यंत्रणा सुरक्षिततेसाठी ब्रेक लावते; पण संपर्क का तुटतो हे कोणालाच कळेना. शेवटी सरकारी माहिती-विश्लेषकांनी प्रत्येक घटनेची वेळ, जागा आणि दिशा आलेखावर मांडली. ठिपके एका तिरप्या रेषेत पुढे सरकताना दिसले. त्यावरून असे अनुमान निघाले की दोष थांबणाऱ्या गाड्यांत नसून त्यांच्या शेजारून उलट दिशेने जाणाऱ्या एखाद्या गाडीत आहे. ती गाडी सापडली. तिच्यातील सदोष उपकरण इतर गाड्यांच्या संपर्कात व्यत्यय आणत होते. चालकाची चूक त्याच्या गाडीपुरती असते. येथे एका गाडीतील दोष सगळ्या मार्गावर पसरला. आणि तो शोधण्यासाठी लागली ती संख्याशास्त्र जाणणारी माणसे.

अमेरिकेत वॉशिंग्टनची मेट्रो १९७६ पासून दुसऱ्या श्रेणीवर धावत होती. २००९ च्या जून महिन्यात रुळांवरील एका सदोष मंडलामुळे उभी गाडी यंत्रणेला ‘दिसली’ नाही आणि मागून आलेली गाडी तिच्यावर आदळली. नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्व गाड्या चालकांच्या हाती देण्यात आल्या, आणि स्वयंचलित धावणे पुन्हा सुरू होण्यास डिसेंबर २०२४ उजाडले. पंधरा वर्षे यंत्रणा होती, वापर नव्हता. विश्वास गमावण्याचा हा खर्च कोणत्याही निविदेत लिहिलेला नसतो.

आपल्याकडील स्थिती

भारतात २८ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या मजेंटा लाइनवर चालकविरहित गाड्यांना प्रारंभ झाला. त्यासाठी मेट्रोच्या नियमांत बदल करावा लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पिंक लाइनची पाळी आली. मात्र घोषणा झाली त्या दिवशी केबिन रिकामी झाली नाही. आरंभी कर्मचारी गाडीत ठेवूनच सेवा चालविली गेली आणि टप्प्याटप्प्याने त्यांना कमी करण्यात आले. हे योग्यच झाले. पण या मधल्या काळात यंत्रणेचे व्याज आणि माणसांचे पगार असा दुहेरी खर्च चालू असतो, हे लक्षात घ्यावयास हवे.

मुंबईचे २अ आणि ७ हे मार्ग २०२२ मध्ये आणि भुयारी मार्ग ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. दोन्हीकडील गाड्या चालकाविना धावू शकतील अशा घेतल्या गेल्या, पण सेवा सुरू झाली ती चालकांसह. बडोद्याजवळील सावलीच्या कारखान्यात तयार झालेल्या गाड्या घेऊन ३१ मे २०२५ रोजी इंदूरची मेट्रो सुमारे सहा किलोमीटर मार्गावर सुरू झाली. एवढ्या आखूड मार्गावर स्वयंचलनातून पैसा वाचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; मार्ग वाढून गर्दी झाली तर पुढे पाहता येईल. बंगळूरूच्या यलो लाइनचे उदाहरण तर फारच बोलके आहे. चालकविरहित धावण्याची क्षमता असलेला हा मार्ग ऑगस्ट २०२५ मध्ये उघडला तेव्हा गाड्या होत्या फक्त तीन, आणि दोन गाड्यांत अंतर होते २५ मिनिटांचे. नव्वद सेकंदांनी गाडी सोडू शकणारी यंत्रणा गाड्याच नसतील तर काय सोडणार?

मुंबईच्या मार्ग ३ चा अंदाजित खर्च २३,१३६ कोटी रुपयांवरून वाढत ३७,२७६ कोटींवर गेला. या चौदा हजार कोटींच्या वाढीसमोर चालकांच्या पगाराची कितीही वर्षांची बेरीज ठेवून पाहावी. हैदराबादच्या मेट्रोला खाजगी कंपनीच्या हाती असताना जो तोटा सोसावा लागला, त्यात कर्जावरील व्याजाचा भार फार मोठा होता. प्रकल्प वेळेवर न होणे, जमीन उशिरा मिळणे आणि प्रवासी अपेक्षेहून कमी येणे, ही आपल्या मेट्रोंची खरी दुखणी आहेत.

राहिला विद्यार्थ्यांचा प्रश्न. चालकांची भरती एका रात्रीत थांबणार नाही. पण नव्या मार्गांवर गाडीमागे जितक्या जागा पूर्वी निघत तितक्या निघतीलच, असे सांगून मुलांना त्या परीक्षेच्या तयारीला बसविणे मला उचित वाटत नाही. फलाटांचे दरवाजे, सिग्नल, दळणवळण आणि नियंत्रण कक्ष यांच्याकडील कामे वाढत जाणार आहेत. इलेक्ट्रॉनिक्स, संगणक आणि संख्याशास्त्र या विषयांची पक्की बैठक त्यासाठी लागते, आणि उद्घोषणेपासून तक्रारीपर्यंत प्रवाशाशी त्याच्या भाषेत बोलता येणेही लागते. ज्या महाविद्यालयांत पदविका अभ्यासक्रम चालतात, तेथील प्रयोगशाळांत सिग्नल आणि दळणवळण यांची साधी उपकरणे तरी आहेत काय, याची पाहणी यंदाच्या उन्हाळी सुट्टीत करता येईल.